झाकलेलं पाणी

मी खोटं बोलले ते चार शब्दांचं. त्याआधी एका सरकारी कागदावरच्या खोट्या मजकुराखाली सही केली होती, पण ती करताना लाज वाटली नव्हती. उलट आपण गावासाठी काहीतरी शूर काम करतोय असं वाटून छाती थोडी फुगलीच होती. लाज वाटते ती त्या चार शब्दांची. आज या गोष्टीला सात महिने झाले. अजूनही आरशासमोर केस विंचरताना मी स्वतःच्या डोळ्यांकडे बघत नाही, भांग पाडून झाला की बाजूला होते.

सांगायची सुरुवात यंत्रापासून करावी लागेल, कारण सगळा दोष माझा असला तरी यंत्र समजल्याशिवाय तो दोष समजणार नाही.

मडकं वाजवून ते भरलेलं आहे की रिकामं हे बाजारात कुठलीही बाई सांगते. आमची ‘पारखी’ तेच करते, फक्त समुद्रात. आडबंदरच्या किनाऱ्यासमोर तळाशी आम्ही छत्तीस खांब रोवले. प्रत्येक खांब सतत आवाजाच्या लाटा सोडतो, अगदी खर्जापासून ते माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या टिपेपर्यंत. वाटेत पाण्याहून वेगळं काही आलं की लाट विखुरते. वस्तू लाटेच्या लांबीच्या मानाने चिमुकली असेल तर लाट तिला जवळजवळ ओलांडून जाते, जराशी चहूकडे सांडते एवढंच. वस्तू मोठी असेल तर तिच्यामागे सावली पडते आणि आपल्याकडे खणखणीत प्रतिध्वनी येतो. गंमत अशी की माशाचं मांस म्हणजे बहुतेक पाणीच. आवाजाला ते फारसं जाणवतच नाही. जाणवते ती पुष्कळशा माशांच्या पोटातली हवेची पिशवी. पाण्याला हवेइतकं परकं दुसरं काही नाही, आणि हवेच्या प्रत्येक पिशवीला तिच्या आकाराप्रमाणे स्वतःचा एक सूर असतो. तो सूर तिच्यापर्यंत पोचला की ती स्वतःच गायला लागते. तारलीचा सूर वेगळा, ढोम्याचा वेगळा.

सुरमईला मात्र ही पिशवीच नसते. ती आवाजाला गुंगारा देते. तिच्यासाठी उजेड लागतो. म्हणून खांबांवरून निळ्या-हिरव्या उजेडाचे झोतही सुटतात. लाल उजेड पाणी पहिल्या दोन-चार हातांतच गिळून टाकतं, निळा-हिरवा लांब जातो आणि माशाच्या अंगावरून विखुरून परत येतो. पाण्यात गाळ असला की तोच उजेड गाळाच्या कणाकणावर विखुरतो आणि काही म्हणता काही दिसत नाही. तेव्हा आवाज कामाला येतो. दोघांची साक्ष जुळवली की समोरच्या चौदा चौरस किलोमीटर पाण्यात कुठे काय आहे हे पडद्यावर नावानिशी दिसतं.

ही साक्ष जुळवायला पारखीला कोणी शिकवलं? माझ्या शोधनिबंधात लिहिलंय, ‘स्थानिक निरीक्षकाच्या मदतीने’. तो स्थानिक निरीक्षक म्हणजे माझे सख्खे मामा, गुणाजी सारंग. आमच्याकडे रापण लागते. किनाऱ्यावरूनच भलंमोठं जाळं होडीने अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकांनी सगळ्या वाडीने मिळून ओढायचं. जो दोराला हात लावेल त्याला वाटा. पण जाळं कधी आणि कुठे सोडायचं हे टेकाडावर उभा राहून एकच माणूस सांगतो. चाळीस वर्षं तो माणूस म्हणजे मामा होते. मी दोन हंगाम त्यांच्या शेजारी बसून नोंदी घेतल्या. “थंय बग, पाणी जांभळां दिसता. तारली ती,” असं मामा म्हणायचे, मी यंत्रात टिपून ठेवायची. माझं निम्मं यंत्र म्हणजे मामांचे डोळे. पुढे त्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. ऑपरेशन करा म्हणून मी पाठीस लागले तर म्हणाले, “आता कित्याक? तुजो पडदो असा मा.”

तर याच मामांनी एक दिवस मला बाजूला घेतलं.

“शलाके, तुजां मशीन सगळां दाखयता. एक दाखवूचां नाय, असां जमतला?”

“काय दाखवूचां नाय, मामानू?”

“बायचो खडप.”

बायचा खडप म्हणजे किनाऱ्यापासून दोन-अडीच किलोमीटरवर पाण्याखाली असलेली खडकांची रांग. तिथे मासा अंडी घालतो. आडबंदरचं कुणीही तिथे कधी जाळं टाकत नाही, आणि तो नेमका कुठे आहे हे परक्याला सांगतही नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही. शाळेत असताना मीही तो न शिकवता शिकले होते.

“आमच्या बापायच्या बापायन थंय जाळां टाकूक नाय,” मामा म्हणाले. “तुजो पडदो उद्या सगळ्यांच्या खिशात जातलो. मोठे बोटवाले चार दिवसांत थंय सगळां खरवडून नेतले. मगे रापणीक काय गावतला? वाळू?”

त्यांचं खरंच होतं. पारखीचा पडदा ज्याच्याकडे परवाना त्याच्या मोबाइलवर जाणार होता. मी तीन दिवस विचार केला आणि चौथ्या दिवशी प्रणालीत प्रोग्रामचा एक तुकडा लिहून टाकला. खांब खडपावरचं सगळं ऐकतील, बघतील, नोंदवतीलही. पण पडद्यावर त्या जागी साधं मोकळं पाणी दिसेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. मामांखेरीज हे कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे आमच्या संस्थेने प्रमाणपत्र मागितलं, ‘प्रणालीच्या कक्षेतील कोणताही भाग वगळलेला नाही’, तेव्हा मी सही ठोकली.

मार्च महिन्यात दिल्लीहून समिती आली. पाच जण. पारखी सगळ्या किनारपट्टीवर बसवायची की नाही, याचा निकाल त्यांच्या हातात होता. आमच्या केंद्राच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर मी त्यांना समुद्र दाखवत होते, आमचे संचालक डॉ. मेहेंदळे मागे हात बांधून कौतुकाने उभे होते. अकरा वाजायला दहा मिनिटं असताना फोन आला. मामांचा मुलगा सर्वेश याची होडी दक्षिणेला काळ्या कातळापाशी रिकामी वाहत जाताना सापडली होती. नांगराचा दोर तुटलेला, होडीत चपला आणि पाण्याची बाटली.

सर्वेश अठ्ठावीस वर्षांचा. पर्यटकांना पाण्याखाली फिरवून आणायचं काम करायचा. गावातला सगळ्यात चांगला बुडी मारणारा, आणि माझ्या लग्नात माझ्या बाजूने सर्वांत जास्त भांडलेला. त्या सकाळी त्याचे पर्यटक आले नव्हते, म्हणून तो एकटाच कुठेतरी गेला होता. कुठे, ते कुणालाच सांगून गेला नव्हता.

“तुमच्या यंत्राला माणूस सापडतो का?” समितीतल्या एकाने विचारलं. त्याला काही खोट काढायची नव्हती, साधी चौकशी होती.

“हमखास,” मेहेंदळे म्हणाले. “छातीतली हवा लपत नाही. डॉक्टर कोयंडे दाखवतील.”

आणि मी दाखवायला लागले. गावच्या होड्या दक्षिणेला धावल्या होत्या, कारण रिकामी होडी तिकडे सापडली होती. मी पडद्यावर पट्ट्यापट्ट्याने पाणी चाळत होते. तारलीचे तीन थवे, एक कासव, बुडालेलं पिंप. माणूस नाही. तेवढ्यात मामा आले. कुणीतरी त्यांना दुचाकीवर बसवून आणलं होतं. अंगात बनियन, पायात काही नाही. ते माझ्या खुर्चीजवळ आले आणि वाकून अगदी हळू म्हणाले,

“बायच्या खडपार बगलंस गो? फाटक्या जाळ्याचा मी बोललेलंय तेका. कोणाच्या तरी बोटीचां जाळां खडपार अडाकलेलां असा, काढूक होया म्हणान. थंयच गेलो असात तर?”

घड्याळात अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती.

मला तेव्हा काय वाटलं ते सांगते, सारवासारव न करता. मला सर्वेश दिसला नाही. मला भिंतीवरचा पडदा दिसला, आणि त्यात पाच पाहुण्यांच्या देखत मोकळ्या पाण्याच्या जागी एकाएकी खडक आणि मासे उमटताना दिसले. मेहेंदळेंचा चेहरा दिसला. माझी सही दिसली. मग माझ्या हुशार डोक्याने लगेच हिशेब मांडून दिला की खडप म्हणजे एकूण पाण्याचा एकशे दहावा भाग. एकशे दहात एक. एवढ्याशा शक्यतेसाठी अकरा वर्षांचं काम पाण्यात घालायचं? पाहुणे चहाला उठले की बघू गुपचूप.

मामांशी मी जन्मापासून मालवणीत बोलत आले. त्या क्षणी मी पुस्तकी मराठीत बोलले, समितीला ऐकू जाईल अशा आवाजात.

“बघितलं मामा. नाही तिथे.”

मामांनी मान हलवली. त्यांना वाटलं, मुलीने पाहिलं म्हणजे पाहिलं. दाराशी दोन पोरगे मोटारहोडीच्या किल्ल्या घेऊन उभे होते. मामांनी त्यांना हाताने दक्षिण दाखवली आणि ते पळाले. खडप उत्तरेला होता.

पाहुणे चहाला उठलेच नाहीत. कसे उठतील? माणूस हरवलेला असताना चहा कोण पिणार? हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, कारण डोकं दुसरीकडे गुंतलं होतं. मी बाकीचं सगळं पाणी पुन्हा एकदा चाळलं. जसजसा एकेक पट्टा रिकामा निघत गेला तसतशी ती एकशे दहातली एक शक्यता वाढत वाढत जवळपास एकुलती एक उरली. गणित करायला मला कधीच कष्ट पडले नाहीत. अकरा पस्तीसला ‘दुसऱ्या यंत्रावर पडताळून येते’ असं सांगून मी बाजूच्या खोलीत गेले आणि माझ्या टेबलावरच्या पडद्यावर खडपावरचं झाकण काढलं.

खडप माशांनी गच्च भरला होता. त्या गर्दीत फाटक्या जाळ्याची पुसट जाळी आणि तिच्यात एक लांबट आकार. पाठीवर टाकीचा कडक प्रतिध्वनी. छातीचा सूर नव्हता.

मी मोठ्या पडद्यावर फक्त एक लाल खूण टाकली आणि बाहेर येऊन म्हणाले, “सापडला.” होड्या वळल्या. पाऊण तासाने त्याला वर आणलं. पाय जाळ्यात गुंतला होता, आणि सुटायच्या धडपडीत हातातली सुरी खडकांच्या फटीत पडली होती, असं बुडी मारणाऱ्यांनी सांगितलं. खडपाचं नाव कुणीच घेतलं नाही. समितीच्या टिपणात ‘प्रणालीने मृतदेह अचूक शोधला’ असं वाक्य आलं. समितीतल्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. किनाऱ्यावर मामा माझ्यासमोर आले आणि त्यांनी हात जोडले. माझ्यापुढे, मामांनी.

“तुज्यामुळां आंग तरी गावला. समुद्रान नेल्यान तर तांय गावणां नाय.”

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पण मेले नाही. घरी गेले, आंघोळ केली, जेवलेसुद्धा.

बाराव्या दिवशी मामांच्या पडवीत बसले होते. माणसं येत-जात होती. चोराच्या मनात चांदणं, म्हणून मी रोज जात होते, सगळ्यांच्या आधी जाऊन पाणी भरत होते. गाव म्हणत होतं, भाची असावी तर अशी. मामा समोर बघतच म्हणाले,

“तेवा नसतलो तो थंय. नायतर तुका दिसलो असतो.”

हा प्रश्न होता. खडपाकडे वाहून नेणारा प्रवाह मार्चमध्ये नसतो हे मला मामांनीच शिकवलं होतं. ते मला एक दोर फेकत होते, मी तो धरला.

“होय, मामानू,” मी म्हटलं. “तेवा नसतलो.”

त्या दुपारी मी केंद्रात जाऊन कच्ची नोंद उघडली. पडद्यावर झाकण असलं तरी खांब ऐकतच होते, हे मघाशी सांगितलंच. इतके दिवस मी ती नोंद उघडली नव्हती. उघडेपर्यंत मी स्वतःला सांगत होते की तो आधीच गेला असेल, मी काहीही बोलले असते तरी फरक पडला नसता. या एका वाक्यावर मी बारा दिवस काढले होते.

माणसाची छाती ही हवेची मोठी पिशवी. तिचा सूर फार खाली लागतो. आत श्वास घेतला की पिशवी फुगते आणि सूर आणखी उतरतो, बाहेर सोडला की चढतो. म्हणून जिवंत माणसाची रेघ नोंदीत वरखाली होते. फुप्फुसात पाणी गेलं की हवा संपली, आणि मग माणूस लाटेच्या दृष्टीने पाणीच होतो. लाट त्याच्यातून निघून जाते.

अकरा बाराला, मामा माझ्या कानाशी वाकले होते त्या वेळी, सर्वेशची रेघ वरखाली होत होती. अकरा वीसलाही होत होती. मोटारहोडीला किनाऱ्यापासून खडपापर्यंत नऊ मिनिटं लागतात. रेघ सरळ झाली ती अकरा एकोणतीसला.

मी दोन पानांचं निवेदन लिहिलं. झाकणाबद्दल, सहीबद्दल, वेळांबद्दल. लिहून झालं आणि लगेच एक नवी पळवाट सुचली. हे पाठवलं तर बायचा खडप जगजाहीर होणार. गावाचं वाटोळं होणार. म्हणजे गावासाठी तरी मी गप्प बसलं पाहिजे! स्वतःची कातडी वाचवण्याला मी गावाचं नाव द्यायला निघाले होते. या विचाराची मला जितकी शिसारी आली तितकी त्या चार शब्दांचीही आली नव्हती. तशीच उठले आणि मामांकडे गेले.

मामी आत होत्या. मामा पडवीत एकटेच. मी उभ्यानेच सांगितलं. बसायचं धाडस झालं नाही.

“मामानू, त्या दिवशी मी खडपार बगूक नाय. बगलंय म्हणान खोटां सांगलंय. माजी नोकरी जाईत म्हणान. सर्वेश थंयच होतो. जितो होतो. सतरा मिनटां.”

शेजारच्या अंगणात एक बाई सुकत घातलेले बोंबील उलटेपालटे करत होती, ते संपवून ती आत गेली. मी निवेदनाचे कागद त्यांच्यापुढे धरले. हे पाठवलं तर खडप जाणार, तुम्ही नको म्हणालात तर पाठवत नाही, असं मी म्हणाले. म्हणजे जाता जाता तोही निर्णय त्यांच्याच गळ्यात घालायला बघितला.

“धाड,” मामा म्हणाले. मग म्हणाले, “ती सतरा मिनटां माका दाखय.”

“नको, मामानू.”

“दाखय.”

मी त्यांना केंद्रात घेऊन आले. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नोंद लावली, कारण छोट्यावर त्यांना दिसलं नसतं. काळ्या पडद्यावर हातभर जाडीची पांढरी रेघ. ते पडद्याच्या अगदी जवळ खुर्ची घेऊन बसले, नाक लागेल इतक्या जवळ. ही रेघ वर म्हणजे श्वास बाहेर, खाली म्हणजे आत, असं मी सांगितलं. मी काय सांगतेय तेही मला नीट ऐकू येत नव्हतं. अकरा बारापासून मी नोंद सुरू केली. ती भराभर पुढे सरकवायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं.

“पळवू नको. जशी झाली तशी लाव.”

आम्ही बघत बसलो. सुरुवातीला रेघ दाट, उतावीळ. मी आधी पाहिली तेव्हा त्या भागाला जाळ्यावरून आवाज विखुरल्याचा गोंधळ समजले होते.

“हय भियालो,” मामा म्हणाले. “पाय ओढता हा.”

पुढे रेघ संथ झाली. लांब, सारखे चढउतार. एकामागून एक, मोजून घेतल्यासारखे. मला वाटलं होतं, तो दमला असेल, शुद्ध हरपत असेल. माझ्या निवेदनात मी तसंच लिहिलं होतं, तसं मामांना सांगितलंही.

मामांनी मान हलवली. त्यांचा हात पडद्यावर त्या चढउतारांवरून फिरत होता, पाठ थोपटावी तसा.

“दमाक नाय तो. मीच शिकयलंय तेका, धा वर्साचो होतो तेवा. पाण्यात अडाकलंस तर झगडू नको. सावकाश श्वास घी, हवा पुरय, आणि रव. किनाऱ्यार आपली माणसां आसत. कोण तरी येतलो.” मग म्हणाले, “वाट बगता हा तो.”

सतरा मिनिटं हा फार मोठा वेळ असतो. मी खुर्चीमागे उभी होते, बाहेर पळून जाता आलं असतं, पण पाय उचलला नाही. अकरा एकोणतीसला रेघ दोनदा थरथरली आणि सरळ झाली. नुसतं पाणी राहिलं.

मामांनी हात खाली घेतला. मला वाटलं, आता ते वळतील, थोबाडीत मारतील, शिव्या देतील. त्यासाठी मी इतकी तयार होते की जवळजवळ वाट बघत होते. ते वळले नाहीत. मोतीबिंदूचे डोळे पडद्यावरच होते.

“परत लाव,” ते म्हणाले.

मी परत लावलं.